रडूबाईच्या तारा

वडिलांच्या हवाईयन गिटारला कोणी हात लावायचा नाही, असं मुलीने घरात बजावलं होतं. जाण्याआधी तारा त्यांनीच जुळवल्या होत्या. तरी आज एक तार वरच्या सुरात चढवलेली निघाली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भावाने विकायला गिऱ्हाईक आणलं असणार.

"दादा, कोणाला वाजवून दाखवलीस?"

"आत्ता तर येतोय," बूट काढत भाऊ म्हणाला. "मला धड शिट्टी येत नाही."

"त्या रडूबाईला कोण हात लावतंय," मटार सोलायला बसत आई म्हणाली. चाळीस वर्षं ती गिटारला हेच म्हणत आली होती.

गिटारची पेटी मिटताना मुलीने तारांवर सरकवायची पोलादी कांडी उचलली. ती अजून कोमट होती.

आईकडे न पाहता तिने कांडी जागेवर ठेवली आणि पेटी उघडीच राहू दिली.