चिमणीचं माप

थोरलीच्या पोटाने वीस वर्षं तिचा छळ मांडला होता आणि घरातल्यांनी वीस वर्षं तिला फुकटचे सल्ले दिले होते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, "सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच. गहू आणि जव जन्मभर बंद. कणभरही नको."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास? हे रक्ताच्या नात्यात असतं."

"धाकटी बहीण होती. चिमणी म्हणायचो. सहाव्या वर्षी गेली. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता खात्रीने नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या, "पण तेच असावं."

थोरली घरी आली ती मनाशी एकच गाठ बांधून. आईला यातलं अक्षरही कळता कामा नये. आई अठ्ठ्याहत्तरची, जन्मभर शिवणकाम करून घर ओढलेली. चिमणी खात नाही म्हणून तिला मांडीवर घेऊन रोज दुधात कुस्करलेला पाव भरवणारी तीच. कळलं तर म्हातारी हाय खाऊन मरेल. "पित्ताचं पथ्य आहे," थोरलीने ठोकून दिलं. तिने आपला तवा, चमचे, पिठाचा डबा सगळं वेगळं केलं, आणि आईने काहीच विचारलं नाही. या बाईने काही न विचारणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं, पण थोरलीला तेव्हा ते सुचलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काजं करता करता आई म्हणाली, "पित्ताला तवा वेगळा लागतो होय गं? मला काय दुधखुळी समजलीस? तुझा तपासणीचा कागद तुझ्या लेकीकडून वाचून घेतला मी, गव्हाचं सगळं समजून घेतलं. पहिल्याच दिवशी."

थोरलीची कात्री कापडात तशीच राहिली.

आईने मशीनच्या खणातून मापांची जुनी वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये एक पान चिमणीचं होतं. "हे बघ. वर्षभरात उंची तेवढीच. दंड अर्धा इंच कमी. कंबर दोन इंच जास्त. मी काय म्हटलं? पोरगी भरतेय, पाव अंगी लागतोय. म्हणून वाटी मोठी केली."

"आई, तेव्हा डॉक्टरांनासुद्धा कळलं नव्हतं गं."

"डॉक्टर माप घेत नव्हते. मी घेत होते."

थोरली आईजवळ जाऊन बसली आणि दोघी पोटभर रडल्या.

मग आईने पदराने नाक पुसलं. "मी तीन आठवडे गप्प बसले ते माझ्यासाठी नाही. तुला आठवू नये म्हणून. ती तोंड फिरवायची ना, तेव्हा तिचे हात धरायला मी तुला बसवायचे. नऊ वर्षांची होतीस तू. आईने सांगितलं, तू केलंस. ते माझ्या माथी, तुझ्या नाही. कळलं?"

"मला नाही गं आठवत," थोरली म्हणाली.

आईला हायसं वाटलं. तिने पुन्हा काजं करायला घेतली.

थोरलीला सगळं आठवत होतं. त्या एवढ्याशा मनगटांना किती जोर होता, आणि शेवटी शेवटी तो कसा कमी होत गेला, तेसुद्धा.