कोऱ्या मशीनवरचं बिल्ड

सकाळपासून तिसऱ्यांदा बिल्ड पडलं आणि तिसऱ्यांदा लाल ओळीत नव्याचंच नाव आलं. कंपनीत येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते, म्हणून तो अजून 'नवा'च होता.

तीनशे जणांनी लिहिलेला कोड एकत्र करून त्यातून एक चालता प्रोग्रॅम बनवायचा, हे बिल्डच्या मशीनचं काम. प्रोग्रॅम इस्पितळातल्या सलाइनच्या पंपांचा. नळीत हवा शिरली की पंपाने ओरडायला हवं. काही पंप ओरडत नव्हते. नव्याने आठवडाभर डोकं फोडून ती चूक दुरुस्त केली होती. चारच्या आत बिल्ड झालं नाही तर त्याची दुरुस्ती वगळली जाणार होती, आणि ते पंप आणखी महिनाभर गप्प राहणार होते.

"माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतंय हो!" नवा म्हणाला.

"मग इस्पितळात तुझं मशीनच पाठवू या," शेजारी बसून प्रोग्रॅम तपासणारा टेस्टर म्हणाला.

नव्याची आधीची कंपनी चार माणसांची. तिथे असं अडलं की मशीनवर हवी ती फाइल हाताने टाकायची आणि मोकळं व्हायचं. त्याने तेच सुचवलं.

बिल्ड सांभाळणाऱ्या बाईंना सगळे हेडबाई म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मशीनला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. काय काय लागतं ते यादीत लिहायचं, मशीन यादी वाचून आपलं आपण करेल."

"पण बाई, अडीच वाजले."

"म्हणूनच अंदाजपंचे काही नको."

त्यांनी एक कोरं, काहीच न टाकलेलं मशीन मागवलं आणि त्याला फक्त यादी दिली. पन्नास मिनिटं नवा नखं कुरतडत बसला. बिल्ड झालं. हिरवं.

म्हणजे कोड बरोबर होता. जुनं मशीनच बिघडलेलं. हेडबाईंनी ते उकरलं. यादीत नसलेली एक जुनी फाइल सापडली, चार वर्षांपूर्वी हाताने टाकलेली. नव्याच्या दुरुस्तीचं तिच्याशीच जमत नव्हतं. टाकणाऱ्याच्या रकान्यात हेडबाईंचंच नाव.

"फाइल पुसून टाका ना," टेस्टर हळूच म्हणाला. "कोणाला कळतंय?"

हेडबाईंनी तीनशे जणांना पत्र लिहिलं: 'आजची तिन्ही बिल्डं माझ्यामुळे पडली. घाईत मी टाकलेली फाइल यादीत लिहिली नव्हती. नव्याचा कोड बरोबर आहे. उद्यापासून रोजचं बिल्ड कोऱ्या मशीनवर.'

"एवढं सगळ्यांना कशाला, बाई?" नवा ओशाळून म्हणाला.

"लाल ओळीत तुझं नाव सगळ्यांनीच वाचलं ना?"

चारला दहा मिनिटं कमी असताना प्रोग्रॅम दुरुस्तीसकट रवाना झाला. टेस्टरने टाळी वाजवली. हेडबाईंचं तिकडे लक्षही नव्हतं. जुन्या मशीनवरच्या बाकीच्या फाइली त्या एकेक करून यादीशी ताडून बघत होत्या. शेकडो होत्या.

नवा खुर्ची ओढून शेजारी बसला.

"निम्म्या मला द्या."

"मधेच काही पुसायचं नाही हं."

"छे हो, बाई."