आप्पारावांनी निवडलेले मासे

उमापूरच्या आप्पारावांनी एखाद्या बैलाच्या पाठीवर थाप मारली की मालकाची छाती फुगायची, आणि त्यांनी नुसतं नाक मुरडलं की तोच मालक बैल घेऊन गुपचूप घरची वाट धरायचा. गोदाकाठापासून पार धारूरच्या बाजारापर्यंत कुणाला बैल घ्यायचा झाला, की आधी आप्पारावांना गाडी जायची. आप्पाराव यायचे, दात बघायचे, खुरं बघायचे, शेपटी पिळायचे, कपाळावरचा भोवरा बोटानं चाचपायचे आणि मग एकच शब्द बोलायचे. त्यावर वाद घालणं म्हणजे निजाम सरकारच्या हुकमावर वाद घालण्यासारखंच होतं. पण माणसाला एक विद्या चांगली आली, की बाकीच्याही आपल्याला येतात असं त्याला वाटायला लागतं. आप्पारावांना टोकणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको मुक्ताबाई, आणि ती टोकून टोकून दमली होती.

वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, रामहरीचं, लग्न झालं. सून शिवकन्या अंबाजोगाईच्या राधाकिशन वकिलांची लेक. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत, आणि तिथं फौजेची छावणी होती. छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना घरातलं सामान विकून गेला. त्यात वकिलांनी मासे पाळायचा एक काचेचा हौद घेतला. दीड हात लांब, चारी बाजूंनी काच, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. शिवकन्या त्या हौदापुढं बसूनच मोठी झाली, म्हणून बापानं तो रुखवतात मांडला. मासे मात्र एवढ्या लांबच्या बैलगाडीत टिकले नसते, म्हणून रिकामाच मांडला.

वकील थट्टेखोर माणूस. भर पंगतीत म्हणाले, "व्याही, दिवाळीला पोरीला न्यायला येईन. तोवर या हौदात मासे नांदते दिसले पाहिजेत. नाहीतर हौद आणि पोर, दोन्ही घेऊन जाईन."

पंगत हसली. आप्पाराव हसले नाहीत. बैल पारखणाऱ्याला मासा काय जड हाय, असं म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पण बुंदी काही त्यांना गोड लागली नाही.

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती. पण आप्पारावांना लेक नव्हती, आणि ही पोर घरात आल्यापासून त्यांच्या ताटात भाकरी तव्यावरून थेट पडत होती. त्यांनी कुठंतरी विसरलेली तंबाखूची चंची न मागता ओसरीवर येऊन बसत होती. म्हाताऱ्याला तिचा लळा लागला होता. फक्त ती इथं रुळली की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सून सासऱ्यासमोर बोलत नसे आणि सासरा सुनेला काही विचारत नसे, असा रिवाज. तिचा आवाज त्यांनी ऐकला तो भिंतीपलीकडूनच. दिवाळीला माहेरी गेली आणि तिथंच रमली तर, हा घोर त्यांना भर बाजारातही सोडत नसे.

पावसाचा जोर ओसरला तसे आप्पाराव सटवा गड्याच्या डोक्यावर घागर देऊन गोदावरीवर गेले. बंकट भोयानं जाळं काठावर आणून काहिलीत ओतलं. आप्पारावांनी धोतर खोचलं, उकिडवे बसले आणि म्हणाले, दात दाखव. माशाचे दात बघायला मागणारं गिऱ्हाईक बंकटला जन्मात भेटलं नव्हतं. लोक काट्यांचं विचारत. आप्पारावांनी चपळ, चंदेरी मासे शेळकी जात म्हणून बाजूला सारले. त्यांची नजर ठरली ती दोन मरळींवर. रुंद कपाळ, भरलेली मान, काळंभोर अंग, धरायला गेलं की हिसका देणाऱ्या. शिवाय दोघी मापाला माप, म्हणजे जोड जमलेली. बंकट काहीतरी सांगायला गेला, तर आप्पारावांनी हात वर केला. पारख चालू असताना मालकानं तोंड उघडायचं नाही, हा बाजाराचा नियम होता. शोभेला म्हणून मूठभर चंदेरी मासेही त्यांनी घागरीत टाकून घेतले.

मुक्ताबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. आजवर या उंबऱ्याच्या आत मासा आला नाही, आता पाहुणा म्हणूनही यायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणून हौद ओसरीवरच चौरंगावर ठेवला. अर्धं गाव बघून गेलं. दोघी मरळी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, जणू आता कुणी जू ठेवील. सकाळी पाहतात तर चंदेरी एकही नाही.

आप्पारावांनी मांजरावर आळ घेतला. हौदावर पाटी पालथी घातली, सटवाकडून आणखी चंदेरी आणवले. तेही गेले. मरळी मात्र भरल्या अंगाच्या दिसायला लागल्या. आप्पाराव येईल त्याला कौतुकानं सांगत, "जनावरानं अंग धरलंया. पानी मानवलं त्येंला."

स्वयंपाकघरात शिवकन्येनं कपाळावर हात मारून घेतला. ती सासूला म्हणाली, आत्याबाई, मरळ बारक्यांना खाती, मामंजींच्या कानावर घाला. मुक्ताबाई म्हणाल्या, घालते की. आणि घातलं नाही. उभा जन्म त्या नवऱ्याची पारख ऐकत आल्या होत्या. त्या पारखीला एकदा तरी ठेच लागलेली बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी म्हणता येणार नाही.

ठेच लागली. एका सकाळी आप्पारावांचा लाडका बैल हौदीवर पाणी प्यायला गेला तो फुरफुरत मागं सरला, दावं तोडून अंगणभर नाचला आणि मुक्ताबाईंचं तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. गुरांच्या त्या दगडी हौदीत जोडीतली एक मरळ बसली होती. पाटी उचलून, ओसरी उतरून, ओल्या अंगणातून सरपटत ती मोठ्या घरात राहायला आली होती. तिच्या पोटाकडे बघून आप्पारावांना मांजराची आठवण झाली आणि ते ओशाळले. सटवा त्याच दिवशी दोघींना नदीत सोडून आला.

पुढच्या खेपेला त्यांनी गरीब गाय निवडावी तसे मासे निवडले. चपटे, शांत, एकमेकांच्या वाटेला न जाणारे. निवड वाईट नव्हती, पण त्यांच्या बरगड्या दिसतात असं आप्पारावांना वाटलं. मग पोळ्याआधी बैलांना घालतात तशी सरकी आणि पेंड भिजवून त्यांनी ओंजळीनं हौदात घातली. आतून बांगड्यांचा फार जोराचा आवाज आला, पण बांगड्यांकडे कोण लक्ष देतं? संध्याकाळपर्यंत पाण्याची आंबील झाली. सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

"फुटला का पोळा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

आप्पारावांनी खाली मान घालून मेलेले मासे काढले. आणि नेमका त्याच दुपारी गेवराईहून आलेल्या गाडीवानानं निरोप दिला, वकीलसाहेब निघालेत, चार दिवसांत पोचतील. आप्पाराव रिकाम्या हौदापुढं बसले ते उठेनात. भाकरी तशीच परत गेली. तेव्हा मुक्ताबाईंचं हसू विरलं. नवरा हरलेला बघायचा होता, असा वाळलेला नव्हे. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "ज्येला ठावं हाय त्येला इचारा." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवून, तोंड फिरवून बसल्या.

आता आली का पंचाईत. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं कसं? आप्पारावांनी इकडंतिकडं पाहिलं. ओसरीच्या खांबाला एक वासरू बांधलेलं होतं. वासराशी बोलायला निजामाचीही मनाई नव्हती.

"काय रं वासरा," त्यांनी घसा साफ करून विचारलं, "कंचे मासे जगत्याल हितं?"

वासरू कडबा चघळत राहिलं. दाराआडून हळू आवाज आला.

"वासरा, म्हनावं, मोठे नगं. वढ्यातले बारके आना, समदे एका मापाचे. एकमेकाच्या तोंडात मावनार न्हाईत असे."

"आन् खायाला रं?"

"चिमटीभर पीठ."

"चिमटीनं प्वाट भरतं व्हय?"

"माशाचं भरतं."

आप्पाराव उठून खांबाजवळ गेले. मग वासराच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "ह्ये आधी कावून न्हाई सांगितलं?"

आधी आत बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, "आधी कुनी इचारलं न्हाई."

मुक्ताबाई उठल्या आणि काही काम नसताना गोठ्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासू-सून धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या. आप्पाराव रिवाजाप्रमाणे पाठ करून काठावर बसले, पुढ्यात घागर. दोघींनी जुनं धोतर पाण्यात पसरलं, चारी टोकं धरून उचललं. शिवकन्या एकेक मासा ओंजळीत घेई, बघे, आणि एक घागरीत तर दहा पाण्यात. आप्पारावांना राहवेना. त्यांनी घागरीत डोकावलं. मातकट, बोटभर लांबीचे मासे. त्यात एकाची शेपटी चक्क वाकडी. असलं खोडाचं जनावर त्यांनी दावणीला उभं केलं नसतं. त्यांनी तोंड उघडलं, मग पारख चालू आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ते मिटलं. जाताना शिवकन्येनं ओढ्यातली वाळू आणि पाणवनस्पतीच्या चार जुड्याही घेतल्या. हौद भरला, पाणी निवळलं, आणि मासे त्यात असे फिरू लागले की वासरू बघायला येणाऱ्या पोरांनी वासराकडे पाठ केली.

वकील आले. पाय धुण्याआधी हौदाकडे गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. ओसरीवर गाव जमलं होतं.

"व्याही," ते म्हणाले, "मी थट्टेनं बोललो होतो. पण मानली तुमची पारख. हा वाकड्या शेपटीचा सगळ्यात तरतरीत आहे. दुसऱ्या कुणी घेतला नसता."

आप्पारावांचा हात सवयीनं मिशीकडे गेला. गप्प बसले असते तरी खपलं असतं. मासे कुणी निवडले हे गावाला माहीत नव्हतं, आणि सून बोलणार नव्हती. पण हात मिशीवर टिकला नाही.

"पारख माजी न्हाई," ते म्हणाले. "माज्या पारखीनं तुमचा हौद दोनदा मोकळा केला. ह्ये तुमच्या लेकीनं निवडल्यात."

आप्पारावांच्या तोंडून असलं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मुक्ताबाईंनी मात्र याच वाक्याची जन्मभर वाट पाहिली होती. आता ते ऐकलं तर त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी डोळ्याला पदर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. हौद राहू द्या, पोर तेवढी नेतो, असं वकील हसत म्हणाले, आणि आप्पारावांनी उगीचच पुन्हा पुन्हा जुवाच्या दोऱ्या तपासल्या. कधी परत येशील, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण एवढ्या लोकांत कसं विचारायचं, तेच त्यांना सुचत नव्हतं.

शिवकन्या सासूच्या पाया पडली, मग त्यांच्या. उठली, पदर सावरला, आणि बापासमोर, गावासमोर, मध्ये कुणालाही न घालता सासऱ्याशी बोलली.

"मामंजी, मी येईस्तोवर ह्यात एक बी मासा वाढवू नका. आल्यावर मी निवडीन."

वकिलांचा चेहरा पडला. सासऱ्याला असं बोलतात का, म्हणून ते लेकीवर डाफरले. गाव आप्पारावांच्या तोंडाकडे बघत राहिलं, कारण जनावर निवडू नका असं त्यांना सांगणारा अजून जन्मायचा होता. आप्पारावांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"न्हाई वाढवत, पोरी," ते म्हणाले. "तू ये."