मुरमावरचा हात

नांदेडच्या इतवाऱ्यात ताहेरभाईंचं धार लावायचं दुकान आहे. तिथे शिंप्यांच्या कात्र्या येतात, न्हाव्यांचे वस्तरे येतात, आणि सुगीच्या तोंडावर कडबाकुट्टीची पाती पोत्यात बांधून येतात. गोल्फची काठी मात्र पस्तीस वर्षांत कधी आली नव्हती. त्यामुळे ऑगस्टातल्या एका शनिवारी दुपारी एका मुलीने तीन काठ्या काउंटरवर ठेवल्या, तेव्हा ताहेरभाईंनी आधी चष्मा पुसला आणि मग विचारलं, की हे हत्यार नेमकं कशाचं?

मुलीचं नाव पुनम. वय पंचविशीच्या आसपास. नांदेडच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, तिचं गाव चाकूरपासून चार किलोमीटरवर. तिचे वडील शेषेराव वीस वर्षं हैदराबादच्या एका गोल्फ क्लबात गवताच्या कामावर होते. पुनम तिथेच वाढली. क्लबातल्या हिरवळीवर कामगारांच्या पोरांना पाय ठेवायला बंदी होती, म्हणून ती पंपघराच्या मागे, मुरमाच्या उघड्या जमिनीवर खेळायला शिकली. कुणा मेंबराने टाकून दिलेल्या काठ्या, तळ्यातून काढलेले चेंडू. पुढे तिचा हात बघून क्लबाने तिला आत घेतलं, ती स्पर्धा खेळली, दोन जिंकलीही. मग शेषेराव नोकरी सोडून गावाकडे शेती बघायला आले आणि तीही आली. आता डिसेंबरात पुण्याला पात्रता फेरी होती. त्यात पहिल्या तिसांत आली, तर तिला वर्षभर व्यावसायिक स्पर्धा खेळता येणार होत्या.

हे सगळं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. तिन्ही काठ्यांना वेज म्हणतात, हेही सांगितलं. चेंडू लांब मारायच्या काठ्या वेगळ्या असतात, वेज असते ती शेवटच्या शंभर यार्डांसाठी. तिचं तोंड आभाळाकडे कललेलं असतं, त्यामुळे चेंडू उंच उडतो आणि पडल्या जागी थांबतो. पट्टीचा खेळाडू जिंकतो तो इथेच.

अडचण साठ अंशांच्या, म्हणजे सगळ्यात जास्त कललेल्या, वेजची होती. तिचा तळ मागच्या बाजूला फुगीर होता. मुरमावर तो फुगीर भाग आधी टेकायचा, काठी उसळायची आणि चेंडूच्या मधोमध बसायची. पुनमने मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघितले होते. तळाची मागची बाजू घासून काढा, असं तिचं म्हणणं होतं. कुठून कुठवर ते तिने मार्करने आखून आणलं होतं.

ताहेरभाईंचा एक रिवाज होता. नवीन गिऱ्हाइकाच्या हत्याराला हात लावण्याआधी ते त्याला कपडा नाहीतर कागद कापून दाखवायला लावत. पण ही काठी दुकानात फिरवून कशी दाखवणार? शिवाय मुलगी जाणकार वाटत होती. त्यांनी रेघेबरहुकूम घासलं, बफ मारला आणि काठी आरशासारखी करून दिली. पुढच्याच आठवड्यात पुनमचा फोन आला. काठी मुरमावर लोण्यासारखी चालते, असं ती म्हणाली. ताहेरभाईंनी ते घरी बिलकीसला, म्हणजे आपल्या बायकोला, दोनदा सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटी पुनम पुन्हा आली. हैदराबादला एक सरावाची स्पर्धा खेळून ती परस्पर दुकानात आली होती. पाऊस होऊन गेलेला, जमीन ओली, गवत दाट. साठची वेज प्रत्येक फटक्याला मातीत रुतली होती. एका ठिकाणी तर चेंडू हातभर पुढे सरकला आणि मातीचा गोळा त्याच्याही पुढे जाऊन पडला. त्या एकाच होलवर, म्हणजे चेंडू भोकात पोचवायच्या एका टप्प्यात, तिने चार फटके जादा घालवले. छप्पनच्या वेजनेही दोनदा तेच केलं. तिची शंका अशी, की पुढची कड अजून जाड आहे. तीही घासून बारीक करा, म्हणजे माती कापून निघून जाईल.

ताहेरभाईंनी काठी हातात घेतली. काउंटरच्या काचेवर ती उभी धरून बघितली, मग छप्पनची धरली, मग पुन्हा साठची. छप्पनची कड काचेपासून जराशी वर राहत होती. साठची कड काचेला चिकटून बसत होती, मध्ये पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. आपण काय करून बसलो, ते त्यांना तेव्हाच कळलं. मागचा फुगीर भाग काठीला मातीत जाण्यापासून अडवत होता. तोच त्यांनी काढून टाकला होता. आता कड बारीक केली असती, तर त्या काठीचं खुरपंच झालं असतं.

“चूक माझी हाय, बेटा,” ते म्हणाले. “तुझा हात न बघता मी लोखंड कापलं. कापलेलं परत लावता येत न्हाई.”

पुनम म्हणाली, चूक तिची, रेघ तिनेच मारली होती. ताहेरभाईंनी मान हलवली. रेघ कोणीही मारो, ग्राइंडर त्यांच्या हातात होता. काठी त्यांनी परत केली आणि रविवारी चाकूरला येतो म्हणून सांगितलं. पुनम गेल्यावर त्यांनी एक कात्री घासायला घेतली आणि तशीच ठेवून दिली. रात्री जेवताना बिलकीसने विचारलं, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की एका पोरीचं काम बिघडवलं. बिलकीस म्हणाली, मग जाऊन बघून या. इथे बसून काय होणार?

रविवारी सकाळी ते एसटीने चाकूरला उतरले. शेषेराव मोटारसायकल घेऊन आले होते. शेताच्या वरच्या अंगाला दीड एकर पडीक मुरमाड तुकडा होता, त्यावर पुनमने दगडांवर चुना मारून अंतरं आखली होती. पन्नास, सत्तर, पंच्याऐंशी, शंभर. ताहेरभाई बाभळीखाली बाजेवर बसले आणि तासभर नुसते बघत राहिले. पुनम सुरेख खेळत होती. काठी वरून खाली यायची, टच्च असा आवाज व्हायचा आणि चेंडू दगडाच्या बाजूला जाऊन पडायचा. जमिनीवर मात्र ओरखड्यापलीकडे काही उमटत नव्हतं. मुरूम काही सांगायलाच तयार नव्हता.

शेवटी ताहेरभाईंनी शेषेरावांना विचारलं, ओली जमीन कुठे मिळेल? शेषेरावांनी खालच्या अंगाला, हिरवा चारा नुकताच कापला होता त्या पट्ट्यात, तुषार संच लावला. अर्ध्या तासात काळी माती लोण्यासारखी झाली. पुनमने तिथे दहा चेंडू मारले. प्रत्येक फटक्याला ओंजळभर माती उडाली. ताहेरभाई चपला काढून चिखलात उतरले आणि एकेका खड्ड्यात बोट घालून बघू लागले. खड्डे लांबीला वीतभरसुद्धा नव्हते, पण खोलीला अंगठाभर होते.

पुनमची आई सिंधु चहा घेऊन आली होती. तीही वाकून खड्डे बघत होती. ती म्हणाली, “पोर काठी खुरप्यावानी धरती. उभं खुरपं ओल्यात असंच घुसतंय. आडवं धरलं की सरकतंय.”

ताहेरभाईंना जे सांगायचं होतं ते तिने दोन शब्दांत सांगितलं होतं. पुनम मुरमावर शिकली होती. मुरमावर चेंडूखाली गवताची गादी नसते, म्हणून काठी वरून सरळ चेंडूवर आणायची तिला सवय लागली होती. हात चांगला होता, पण तो उभा होता. अशा हाताला रुंद, फुगीर तळाची काठी पाहिजे होती, जी मातीत गेली तरी आतच अडकून न राहता वर निघेल.

पुनमने काठीचा तळ अंगठ्याने चाचपला. मग तिने विचारलं, की हातच बदलला तर? शेषेराव तोवर बाजूला उभे होते. ते म्हणाले, हैदराबादला त्यांनी अशी बरीच पोरं बघितली. स्पर्धेच्या तोंडावर हात बदलायला गेली आणि जुना हातही हरवून बसली. दोन-सव्वादोन महिन्यांत काठी बदलता येते, हात नाही.

पुनमने आणखी एक गोष्ट सांगितली. तिची चौथी, सगळ्यात सरळ तोंडाची वेज काठ्यांच्या मूळ संचाबरोबर आलेली, चव्वेचाळीस अंशांची. त्यानंतर एकदम बावन्न, मग छप्पन, मग साठ. चव्वेचाळीसने चेंडू एकशेदहा यार्ड जायचा आणि बावन्नने पंच्याऐंशी. मधल्या अंतरावर चेंडू पडला, की तिला एक काठी आवरून मारावी लागे नाहीतर दुसरी ताणून. खालच्या टोकाला चार-चार अंशांच्या पायऱ्या आणि वर मात्र आठांची उडी. बावन्न का घेतली, असं ताहेरभाईंनी विचारलं. एका नामी खेळाडूच्या बॅगेत होती म्हणून, असं तिने खरं ते सांगितलं.

जुन्या काठ्या देगलूरला मिळण्यासारख्या होत्या. हैदराबादच्या क्लबात तीस वर्षं कॅडी असलेले शिवकुमार तिथे राहत. खेळाडूंच्या बॅगा उचलता उचलता त्यांनी विकलेल्या, मोडलेल्या, विसरलेल्या काठ्या जमवल्या होत्या. पुढच्या रविवारी पुनम आणि ताहेरभाई त्यांच्याकडे गेले. म्हातारा अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलायचा. पुनमला त्याने पंपघरामागची पोर म्हणून लगेच ओळखलं. ओसरीवर त्याने दोन पोती रिकामी केली आणि चाळीसेक वेज फरशीवर मांडल्या.

पुनम आधी चकचकीत काठ्यांकडे वळली. ताहेरभाईंनी तिला थांबवलं. त्यांनी एकेक काठी फरशीवर उभी धरली आणि पुढची कड किती वर राहते ते वाकून बघितलं, तळावरून अंगठा फिरवला. ज्यांचा तळ अरुंद होता त्या डावीकडे, रुंद आणि फुगीर त्या उजवीकडे. उजवीकडे नऊ राहिल्या. त्यांतून पुनमने अंश बघून पन्नासच्या दोन आणि छप्पनच्या तीन निवडल्या. एका छप्पनवर गंज होता आणि कुणातरी आर. के.चं नाव कोरलेलं होतं.

घरामागे नळाचं पाणी सतत वाहून हराळी माजली होती. पुनमने तिथे पाचही काठ्या चालवल्या. गंजलेली छप्पन मातीत शिरली आणि बाहेर आली, जणू कुणी खालून ढकलली. चेंडू समोरच्या चिंचेवरून गेला. पुनमने तीच पुन्हा मारली, मग पुन्हा. सातव्या फटक्यानंतर ती हसली. या सगळ्या दिवसांत ताहेरभाईंनी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

पन्नासचीही एक मिळाली. साठच्या वेजचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. ताहेरभाई म्हणाले, फेकून दे, ती काठी बघितली की त्यांना लाज वाटते. शिवकुमारांनी ती हातात घेऊन फिरवली. हिरवळीच्या कडेला जमीन कडक असते, गवत पायाखाली दबलेलं असतं, तिथे चेंडू अलगद उचलायला यापेक्षा चांगली काठी नाही, असं त्यांचं मत पडलं. फक्त तिने पूर्ण फटका मारायचा नाही आणि ओल्यात ती काढायची नाही. पुनमने साठची बॅगेत ठेवली, बावन्नची आणि जुनी छप्पनची मात्र शिवकुमारांच्या पोत्यात टाकली.

निघताना ताहेरभाईंनी गंजलेल्या छप्पनकडे बघितलं. गंज काढून द्यायला त्यांचे हात शिवशिवत होते. पुनमने विचारलं, दुकानात घेऊन येऊ का? ते म्हणाले, “न्हाई. ही आहे तशी चालून राहिली. हिला कोणी हात लावायचा न्हाई.”

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती दर शनिवारी-रविवारी चाऱ्याच्या पट्ट्यात तुषार लावून सराव करायची. शेषेरावांनी तिथे ज्वारी पेरायची राहू दिली. नांदेडला दुकानावरून जाताना ती कधी थांबायची, कधी नाही. काम कसं चाललंय ते ताहेरभाई विचारत नसत. ती आपण होऊन सांगायची, की पन्नासने चेंडू पंच्याण्णव जातोय, की छप्पन वाळूतूनही नीट निघतेय.

पुण्याची फेरी चार दिवसांची होती. सकाळी दव, मैदानाला भरपूर पाणी दिलेलं. पहिल्या दिवशी पुनम पंचेचाळिसावी होती, दुसऱ्या दिवशी अडतिसावी. तिसऱ्या दिवशी एकतिसावी. चौथ्या दिवशी सोळाव्या होलवर तिचा चेंडू उताराच्या तळाशी ओल्या गवतात पडला, होलचा झेंडा चाळीस यार्डांवर. पूर्वी तिने डोळे मिटून साठची काढली असती. हात बॅगेत साठवर गेलाही होता. मग तिने छप्पन काढली आणि नेहमीसारखीच, वरून मारली. चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर थांबला.

ती एकोणतिसावी आली.

संध्याकाळी तिने आधी वडिलांना फोन केला, मग शाळेच्या मुख्याध्यापकांना, आणि मग ताहेरभाईंना. ते दुकान आवरत होते. तिने एकोणतिसावी म्हटलं, पण एकोणतिसावी येणं चांगलं की वाईट ते त्यांच्या लक्षात येईना. तिने समजावून सांगितलं. जानेवारीपासून वर्षभर खेळायचं, शाळा बिनपगारी रजा देतेय, पहिली स्पर्धा कोलकात्याला आहे.

“मुबारक,” ताहेरभाई म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की साठची किती वेळा काढली?

चार दिवसांत तीनदा, पुनम म्हणाली. तिन्ही वेळा कडक जमिनीवर, आणि तिन्ही वेळा काम झालं.

ताहेरभाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग शटर ओढून, कुलूप लावून ते घराकडे निघाले. बिलकीसला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि पहिल्यापासून म्हणजे कुठून, याचा ते चालता चालता विचार करत होते.