उरलेली की राहिलेली

"दाब," तो खालून म्हणाला.

"दाबलाय की."

"असा नाही. दोनतीनदा पाय मार आणि मग दाबून धर."

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी तो उकिडवा बसला होता. आत, चालकाच्या जागेवर, त्याची थोरली बहीण बसली होती. अकरा वर्षांत त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. "मी बसते, त्यात काय एवढं," असं म्हणून ती आत शिरली खरी, पण हात मात्र तिने मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवले होते. स्टिअरिंगला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते एका बाजूला वाकलेलं होतं.

पेडल दोनदा तळाला गेलं, तिसऱ्यांदा थोडं घट्ट लागलं. त्याने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. चाकाच्या मधोमध असलेला एक्सलचा मोठा नट कडाड्‌कन बोलला आणि सुटला.

"झालं. उतर आता."

ती लगेच उतरली नाही. काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथून काहीच दिसत नाही रे. बॉनेट वर आलंय ना."

त्याने जॅक सरकवला.

निमित्त साधं होतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या टॅक्सीवाल्याची गाडी याच जातीची होती. त्याचं डावं चाक खड्ड्यात आपटून नकल वाकली होती. नकल म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो आणि स्टिअरिंगचा रॉड ज्याला ओढून चाक वळवतो, तो ओतीव लोखंडाचा बळकट तुकडा. हे मॉडेल कधीच बंद पडलेलं, नवा भाग मिळेना. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचं नाक आत गेलं असलं तरी चाकं शाबूत होती. टॅक्सीवाल्याने भीतभीत विचारलं आणि ताई, जिने इतकी वर्षं भंगारवाल्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं, ती चक्क हो म्हणाली. अट एकच घातली, "काढणार माझा भाऊ."

काल तिने त्याला हे फोनवर सांगितलं. "दुसऱ्या कोणाला तरी सांग ना. माझे गुडघे..." असं तो पुटपुटला. "तुझे गुडघे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत," ती म्हणाली. विषय संपला.

बस आगारात चाळीस वर्षं तो मेकॅनिक होता. शेवटची दहा-अकरा वर्षं सगळे त्याला 'पुन्हाबघू' म्हणायचे. काम झालेल्या बसखाली तो परत शिरायचा. "एकदा पुन्हा बघू," म्हणायचा. कधी तर बस फाटकातून बाहेर पडताना हा मागे पळत जाऊन थांबवायचा, उतारूंसमोर रस्त्यावर आडवा होऊन चाकामागे बॅटरी मारायचा. ड्रायव्हर वैतागायचे. "याचं तोंड कुठल्या दुधाने पोळलंय कोण जाणे," असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. तोंड कशाने पोळलंय ते कोणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, याच्या हातून गेलेल्या एकाही गाडीचं चाक कधी निखळलं नाही. टाळ्या पडल्या. तो खाली बघत बसला.

कारण अकरा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, याच शेडमध्ये, याच चाकाचं बेअरिंग त्याने बदललं होतं. दाजींची गाडी चालताना घुं घुं करत होती. दाजी नुकते निवृत्त झाले होते, वेळच वेळ होता. दिवसभर स्टूल टाकून शेजारी बसले आणि एकामागून एक किस्से सांगत राहिले. त्याने हब आणि नकल काढली, आगारात नेऊन दाबयंत्रावर बेअरिंग बसवून आणलं, संध्याकाळी परत जोडलं. तेवढ्यात ताईने आतून जेवायला हाक मारली. "अरे चल, निवतंय सगळं," म्हणत दाजींनी त्याला हाताला धरून उठवलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहा वाजता, कोरड्या, सरळ, मोकळ्या रस्त्यावर दाजींची गाडी नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळली. 'चालकाचा ताबा सुटला,' असं पोलिसांनी लिहिलं. चाक कोणी उघडून पाहिलं नाही.

दाजींना स्मशानात पोचवून आल्यावर तो शेडमध्ये आला होता. खिडकीच्या कट्ट्यावर एक कोरी स्प्लिट पिन पडलेली होती. स्टिअरिंगच्या रॉडचा नट फिरून सुटू नये म्हणून त्यात ही पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे. दोन पैशांची वस्तू, पण ती नसली तर नट हळूहळू सैल होतो आणि एक दिवस चाक मनाला येईल तिकडे वळतं. कट्ट्यावरची पिन हातात घेऊन तो किती वेळ उभा होता. ही उरलेली होती की राहिलेली? पाकिटात किती होत्या? त्या रविवारचं सगळं त्याला आठवत होतं, दाजींचे किस्सेसुद्धा शब्दन् शब्द. पिन घातल्याचं तेवढं आठवत नव्हतं. नट आवळणारे स्वतःचे हात त्याला दिसायचे, मग मधे एक भोक पडायचं आणि पुढे एकदम जेवणाचं ताट.

घरात त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. गाडी शेडमध्ये आणून डावी बाजू भिंतीला लावून उभी केली होती. ती तशीच राहिली आणि त्यानेही कधी मागे वाकून बघितलं नाही. आज सकाळी टॅक्सीवाल्याने आणि त्याच्या भावाने ढकलून ती मधे घेतली, तेव्हा डावं चाक पहिल्यांदा उजेडात आलं.

गाडी लोखंडी घोडीवर टेकवून त्याने चाक उतरवलं. आतल्या बाजूला, रॉडच्या सांध्यावर, वाळलेल्या चिखलाचा मुठीएवढा गोळा बसला होता. नट, पिन काहीच दिसत नव्हतं. त्याने तिकडे न बघता बाकीचं आधी घेतलं. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने वर टांगला.

"तो कशाला बांधतोस?" ताईने विचारलं. ती दारात स्टूल टाकून बसली होती.

"नळीवर ताण येतो."

"या गाडीच्या?"

तो थांबला. खरंच की. मेलेल्या गाडीच्या नळीची काळजी. "हाताची सवय," तो म्हणाला.

डिस्क निघाली. खालचा बॉल जॉइंट सुटला. त्या सांध्याची स्वतःची वेगळी पिन जागच्या जागी होती, पण ती असणार हे त्याला माहीतच होतं, ती घातल्याचं स्पष्ट आठवत होतं. वरचे दोन बोल्ट गंजले होते, त्यांनी अर्धा तास खाल्ला. आता सगळी नकल त्या एका रॉडवर लोंबकळत होती.

"राहिलं काय?" ताई म्हणाली.

"एवढाच सांधा."

"मग थांबलास का?"

त्याने पेचकसाने चिखल खरवडायला घेतला. ढेकूळ निघालं, भुकटी पडली. आधी नटाचे दात दिसले. मग त्याने फडक्याने पुसलं आणि डोकं आत घातलं.

पिन होती. गंजून तांबडी झाली होती, पण पक्की होती. एक पाय वर वळवलेला, दुसरा खाली, टोकं चिमट्याने दाबून नटाला चिकटवलेली, थेट त्याच्या पद्धतीने. नट जराही हललेला नव्हता.

तो तसाच डोकं आत घालून बसून राहिला. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, तसं काही झालं नाही. उकिडवा होता तो फक्त फरशीवर टेकला.

"नव्हती ना?" मागून ताई म्हणाली.

तो चमकला. पिनबद्दल त्याने आजवर तिला चकार शब्द सांगितला नव्हता.

"तुला काय माहीत?"

"तू त्या दिवशी कट्ट्यावरून ती उचललीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तुझा चेहरा बघितला. मग तू परत ठेवलेली ती टॅक्सीवाल्यालाच एकदा दाखवून विचारलं, ही पिन कशासाठी असते म्हणून." ती थोडी पुढे वाकली. "नव्हती ना रे?"

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. आधी त्याला वाटलं, ती त्याच्यासाठी घाबरली आहे. पण हा घाबरलेला आवाज नव्हता. पेपरात मुलाचा निकाल शोधणारं माणूस विचारतं, तशी ती विचारत होती. पिन नसावी अशी तिची इच्छा होती.

"ताई, काय झालं होतं त्या दिवशी?"

ती स्टुलाच्या कडेवर नख घासू लागली.

"काही नाही झालं. घरी बसायला लागल्यापासून हे सारखे स्वयंपाकघरात यायचे. हे इथे का, गॅस मोठा का, झाकण का नाही. त्या दिवशी मी म्हटलं, तुम्ही नसलात की हे घर नीट चालतं. एवढंच. चिडले असते तर चाललं असतं. हसले. 'बरं, जातो,' म्हणाले आणि किल्ली घेतली. कुठे जायचं होतं तेही ठाऊक नाही. त्या रस्त्याला आपलं कोणी नाही."

शेडवर कावळा चालत होता, त्याची नखं पत्र्यावर वाजत होती.

"चाक सुटलं म्हणून गेले असतील, तर माझं बोलणं त्यांच्याबरोबर गाडीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी तुला कधी विचारलं नाही. गाडी उघडूही दिली नाही. तू बारीक होत गेलास, सगळं दिसत होतं मला. सख्खा भाऊ. तरी गप्प बसले. आता म्हटलं, काय ते एकदा दिसू दे."

त्याने परत आत बघितलं. अकरा वर्षं ज्या एका तारेच्या तुकड्यासाठी तो बसखाली आडवा होत आला होता, तो तुकडा दोन विती अंतरावर होता. त्याने फडकं त्यावर टाकलं.

"नव्हती, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिली."

ती उठली. भिंतीला धरत, गाडीला धरत त्याच्याजवळ आली आणि गुडघ्यांचा आवाज करत खाली बसली. कित्येक वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. तिने फडकं बाजूला केलं, हात आत घातला आणि नटाभोवती बोट फिरवलं. वरचा पाय लागला. मग खालचा.

"ही काय, आहे की," ती हळूच म्हणाली.

त्याने बाजूला पडलेलं फडकं उचलून घडी घातली.

"लहानपणीसुद्धा तुला खोटं बोलता यायचं नाही." तिने हात काढला नव्हता. "माझं मला राहू दे. तू कशाला उचलतोस?"

"दाजींना डुलकी लागली असेल. छातीत कळ आली असेल. काहीही असेल, ताई."

"असेल," ती म्हणाली. "हसले होते ते खरं. ते तू नको समजावू." मग पदराने बोट पुसलं. "काढ आता. टॅक्सीवाला दुपारी येईल न्यायला."

त्याने पिनचे पाय सरळ केले आणि पकडीने ती ओढून काढली. नट फिरवला. नकलेच्या दांड्यावर हातोडीचे दोन घाव घातल्यावर सांधा सुटला आणि हबसकट ते सगळं लोखंड त्याच्या मांडीवर आलं. बेअरिंग त्याने हाताने फिरवून बघितलं. आवाज नव्हता. अकरा वर्षं पडून होतं तरी लोण्यासारखं फिरत होतं. चांगलं काम झालं होतं.

"किती जड आहे रे," ताई म्हणाली. तिने खालून एका हाताने आधार दिला आणि दोघांनी मिळून ते पोत्यावर ठेवलं.

मग तो तिला धरून उठवायला गेला, पण त्याचे हात वंगणाने काळे होते. तिने तरीही तेच धरले. अंगणातल्या नळाला धार नव्हती, म्हणून तिने बादलीतून तांब्या भरला. त्याने ओंजळ पुढे केली. ती पाणी घालत राहिली आणि त्याने साबण चोळला. दोघांच्याही हातांवरून काळं पाणी फरशीवर उतरून मोरीकडे जात होतं.

"निघालं," तो म्हणाला.

"कुठे? नखांत बघ," ती म्हणाली, आणि पुन्हा तांब्या भरायला वाकली.