शिट्टीसाठी बसवलेला दात

एडक्यानं ढुशी मारली आन् आमच्या मानसाचा पुढचा दात निम्मा तुटला. दाताचं मला काई न्हवतं, शिट्टी गेली हे लई वाईट झालं. यांच्या एका शिट्टीवर सगळ्या मेंढ्या मागं फिरायच्या. आता नुसतं फुसफुस. त्यात चकलांब्याच्या रानात चहूकडं लोकांचा कापूस. मेंढी आत शिरली की भांडण ठरलेलंच. यांना कुठं चैन पडंना. जेवता जेवता उठायचं आन् फुंकून बघायचं.

गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी दात घासून बारीक केला आन् वर कच्ची कॅप बसवली. म्हनल्या, "पक्की येईस्तोवर या दातानं टणक काई चावू नका. दात मात्र रोज घासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, हे लिंबाची काडी पुढच्याच दातानं कराकरा चावायलेत!

"अवं, काय करायलात?"

"घासायला सांगितलंय न्हवं?" एवढं म्हनस्तोवर कॅप तळहातावर.

असा संताप आला मला! सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायल्या. "नाथा, लेका, ब्रश काय शोभंला आनलाय?"

पुन्हा गेवराई, पुन्हा वाट बघनं. तवर मेंढ्या माझ्याकडं. मला कुठं शिट्टी येती? "हुर्रर्र, या गं बायांनो," म्हनून बोंबलायची. आधी एक ढुंकून बघंना. मग यायला लागल्या.

शेवटी पक्की कॅप बसली. आता हे ब्रशनं हिरडीच्या कडंकडंनं असे हळू घासायचे, जसं तान्ह्या लेकराचं तोंड पुसायलेत. पहिल्याच दिवशी रानात गेलो. यांनी ओठ दातावर दाबला आन् मारली की शिट्टी! जशीच्या तशी. माझं काळीज सुपाएवढं झालं.

मेंढ्यांनी माना वर केल्या. आन् माझ्याकडं बघायल्या. यांनी परत मारली, परत मारली. एक हालंना. पुढच्या दोघी कापसाकडं वळल्या.

हे खाली बघून म्हनले, "संगे, तू बोलव."

मला रडूच आलं.

"बोलव की! कापसात चालल्यात."

मी हाक मारली. सगळ्या पळत आल्या. त्यांच्या मागं हेबी आले.