वळलेला टँकर

मी टँकर बोलतोय. बारा हजार लिटरचा, निळ्या पोटाचा. इथं चेन्नईत मला तण्णी लॉरी म्हणतात, म्हणजे पाण्याची गाडी. पोटावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं होतं. ती अक्षरं आता खरवडून काढली आहेत. का, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म अंबत्तूरच्या एका शेडमधला. तिथं पत्रा वाकवून, जोड मारून मला एका जुन्या लॉरीच्या पाठीवर बसवलं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा तीन ठिकाणी गळलो, आणि मिस्त्री मलाच शिव्या देत बसला. जोड त्याचे, शिव्या मला! माणसांचं हे असंच असतं, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

रंगा माझा चालक. आम्ही उन्हाळाभर तांबरमच्या गल्ल्यांतून हिंडायचो. मी वळणावर दिसलो की बाया प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावत सुटायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार मिजास चढायची. एवढ्या आतुरतेनं वाट पाहिली जावी असं भाग्य किती जणांना मिळतं?

मराठी मी व्यासराजांकडून शिकलो. ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, एका सिनेमा कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. शूटिंगला लागणारं पाणी, जेवण, गाड्या सगळं त्यांच्याकडे. माझ्या सावलीत उभं राहून ते तासन् तास फोनवर बोलायचे, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. माणूस कामाला वाघ, पण सोवळ्याचा भारी पक्का. सेटवरचा चहासुद्धा स्वतःच्या पितळी पेल्यातून प्यायचे.

तांबरमला त्यांच्या आत्या राहायच्या, अंबुजाबाई. निवृत्त शिक्षिका, एकट्या. आईमागं व्यासराजांना त्यांनीच वाढवलं. त्या मे महिन्यात अंबुजाबाईंच्या यजमानांचं श्राद्ध आलं. गल्लीतल्या बोअरला पंधरा दिवस पाणी नव्हतं. स्वयंपाकाला, आंघोळीला, भटजींना पाणी हवं, आणि सगळं माध्यान्ह टळायच्या आत व्हायला हवं. शेजारच्यांनी कॅनचं पाणी देऊ केलं, तर म्हणाल्या, प्लास्टिकात कोंडलेलं पाणी श्राद्धाला चालत नाही, टँकरच्या धारेचं चालतं. काय तो हिशेब, त्यांनाच ठाऊक! व्यासराजांनी शब्द दिला की सकाळी आठला लॉरी दारात उभी असेल. ती लॉरी म्हणजे मी.

नेमकं त्याच दिवशी सेटवर पावसाचं दृश्य होतं. कंपनीनं त्या वर्षी इरा नावाची पुण्याची एक मुलगी नेमली होती. शूटिंगमध्ये डिझेल, लाकूड, पाणी किती वाया जातं ते पाहायचं आणि कमी करायचं, हे तिचं काम. लोक तिला हसायचे. पण ती चिकट होती. तिनं पावसासाठी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून पाणी मिळवलं, ते तपासून घेतलं, आणि कुणाचा विश्वास बसेना म्हणून सगळ्यांसमोर त्या पाण्यानं स्वतःचं तोंड धुतलं. ते पाणी एक करडा टँकर आणणार होता. मी तांबरमला जायचं, त्यानं सेटवर. इतकं सोपं होतं.

सेट देवळाचा होता. खांब थर्माकोलचे, देव प्लास्टरचा. आमच्याकडे पूजा झाल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नाही. त्या सकाळी भटजींनी त्या प्लास्टरच्या देवाला हार घातला, कुंकू लावलं, कापूर ओवाळला. व्यासराजांनी मनोभावे हात जोडले. आणि तिथंच त्यांचं डोकं फिरलं. आता हा देव नुसता प्लास्टरचा कुठं राहिला? यावर गटारातून आलेलं पाणी ओतायचं?

मी तेव्हा तांबरमपासून जेमतेम दहा मिनिटांवर होतो, गळ्यापर्यंत भरलेला. रंगाचा फोन वाजला. तो "आत्याअम्मांचं काय?" असं दोनदा म्हणाला, मग फोन ठेवला. त्यानं मला वळवलं.

करड्याचं पाणी व्यासराजांनी सेटमागच्या रानात सोडून दिलं. माझं पाणी पावसाच्या पाइपांना जोडलं. इराला सांगितलं की हे तिचंच, केंद्रातलं पाणी. ती बिचारी इतकी खूश झाली! ओंजळ पसरून त्या पावसात उभी राहिली आणि म्हणाली, "बघा काका, काही वास येतोय का? आज बारा हजार लिटर गोडं पाणी वाचलं." काका हसले. मी तिच्या मागंच उभा होतो, पोटावर 'पिण्याचे पाणी' लिहिलेला. पण तिला तमिळ वाचता येत नव्हतं.

व्यासराज काही दुष्ट नव्हते हो. त्यांना वाटलं, एका टेकमध्ये उरकेल, अर्धं पाणी उरेल, अकरापर्यंत आत्याकडे पोचेल. पण दिग्दर्शकाला पाऊस कधी फार सरळ वाटला, कधी नायिकेच्या केसांवर नीट पडेना. सहा टेक झाले. मी रिकामा होत होतो आणि ते सगळं पाणी चिखलात जात होतं. आत्यांचे फोन येत राहिले. नऊला, दहाला, साडेअकराला. दर वेळी व्यासराज सांगायचे की लॉरी वाटेत आहे. पाइप हलवायला माणसं कमी पडली तेव्हा ते स्वतः पावसात शिरले, पार भिजून गेले.

आम्ही तांबरमला पोचलो तेव्हा चार वाजले होते. व्यासराज रंगाशेजारी बसले होते. गल्ली रिकामी होती, घागरींची रांग केव्हाच उठून गेली होती. भटजी दोनपर्यंत थांबून निघून गेले होते. अंबुजाबाई पायरीवर बसल्या होत्या, सकाळपासून उपाशी. शेजारी चकचकीत घासलेला तांब्या पालथा घातलेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी व्यासराजांचा ओला सदरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाऊस पडला की रे व्यासा, तिकडे?"

सांगितलं असतं 'हो', तर निभावलं असतं. व्यासराजांनी सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"नाही आत्या. हे तुझं पाणी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, देवाचं, करड्या टँकरचं, सहा टेकचं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं की देव कशाचा होता. प्लास्टरचा, म्हणाले. रंगानं माझी तोटी उघडली. तळातलं, गंज मिसळलेलं तीन घागरी पाणी निघालं, बस्स.

"पाणी येत नाही, एवढं सांगायचं होतंस," अंबुजाबाई म्हणाल्या. "मी वाट पाहिली नसती. कॅनच्या पाण्यावर भात टाकला असता. देवाला चालतं की नाही ते तू नि मी ठरवतो, पण तुझे आतोबा उपाशी गेले ना रे." आणि पेला धुऊन त्यांनी व्यासराजांना कॅनमधलं पाणी दिलं, कारण त्यांचे ओठ सुकले होते. ते त्यांना पिववेना.

दुसऱ्या दिवशी व्यासराजांनी इरालाही सांगून टाकलं. ती रागावली नाही, तेच वाईट. "काका, मी त्या पाण्यानं तोंड धुतलं होतं," एवढंच म्हणाली, आणि वहीतली आदल्या दिवशीची बचतीची ओळ खोडली. तेव्हापासून सेटवर पावसाला केंद्रातलंच पाणी असतं. पहिली धार अंगावर घ्यायला व्यासराज स्वतः उभे राहतात.

ते पाणी आता मी वाहतो. आतून गंजलोय, पिण्याच्या पाण्याला मी आता चालत नाही. म्हणून अक्षरं खरवडली. हे कामही चांगलंच आहे, पण आता मला पाहून कुणी घागर घेऊन धावत नाही. यंदा अंबुजाबाईंकडे श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळीच दुसरा टँकर गेला.

तो सिनेमा येऊन गेला. त्यात तो पाऊस चाळीस सेकंद आहे. रंगा सांगत होता, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तुमच्यापैकी कुणी तांबरमला गेलं आणि त्या बाई भेटल्या, तर माझा एक निरोप सांगा. म्हणावं, चाक माझ्या हातात नव्हतं, हॉर्नसुद्धा नव्हता. नको, राहू द्या. हे सांगू नका. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, दहा मिनिटांवर होतो, आणि वळलो. एवढंच सांगा.